तळाचा कप्पा

तेजश्रीने एंटरची कळ दाबली आणि बाहेरच्या खोलीतून येणारा उन्मेषचा आवाज वाक्याच्या मध्येच थांबला.

"भंडारदऱ्याच्या घाटात गाडी बंद पडली तेव्हा तू..." एवढंच म्हणून झालं होतं. पुढचं तिला पाठ होतं. 'तेव्हा तू म्हणालीस, आता बसा ढकलत.' दर रविवारी नाश्ता झाला की तो हा किस्सा सांगायचा आणि ती स्वयंपाकघरातूनच हुंकार भरायची. आजही ती हुंकार भरायला तयार होती, पण किस्साच पुढे सरकेना.

"उन्मेष?"

कळफलक ओट्यावर ठेवून ती बाहेर गेली. तो खुर्चीत अंग चोरून बसला होता, परक्याच्या घरी बसावं तसा. तिला पाहताच तो अर्धवट उठला.

"नमस्कार," तो म्हणाला. "माफ करा, पण मी इथे कुणाकडे आलोय?"

तेजश्री तशीच मागे फिरून ओट्याकडे धावली.

उन्मेष आणि तेजश्री दुसाने यांचा सर्व्हर स्वयंपाकघरात आहे हे कळलं की लोक हसायचे. गॅस नळाने यायला लागल्यापासून ओट्याखालचा सिलिंडरचा कोनाडा रिकामा पडला होता, आणि उन्मेषने तिथे लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर चालणारं आपलं यंत्र बसवलं होतं. नाशिकच्या लिनक्स मंडळातली ही सगळी माणसं एकजात हट्टी. आपली माहिती आपल्याच घरात ठेवायची आणि आपल्याच हाताने सांभाळायची, हा त्यांचा बाणा. जगातली बाकीची यंत्रं नवी डिस्क लावली की ती आपणहून ओळखत आणि उघडत. ही मंडळी मात्र प्रत्येक डिस्क आज्ञा टंकून 'चढवायची' आणि आज्ञा टंकूनच 'उतरवायची'. माउंट आणि अनमाउंटला त्यांनी ही घरगुती नावं दिली होती. डिस्क नुसती तारेने जोडून भागत नाही; ती कोणत्या कप्प्यात उघडायची ते यंत्राला सांगावं लागतं, ते सांगणं म्हणजे चढवणं. हे काम यंत्रावर सोपवणं त्यांच्या लेखी आळशीपणाचं लक्षण होतं. एवढा आळस केला असता तर आजची आफत टळली असती, हेही तितकंच खरं.

साडेतीन वर्षांपूर्वी उन्मेषच्या मेंदूत रक्तस्राव झाला. बोलणं, चालणं, चमचा धरणं, पक्ष्यांची शास्त्रीय नावं, सगळं शाबूत राहिलं. गेलं ते फक्त त्याचं स्वतःचं आयुष्य. आठवणी जिथून वर काढल्या जातात तो मेंदूचा भाग निपचित पडला होता. डॉक्टरांनी कवटीच्या आत बोटाच्या पेराएवढा 'स्मृतिसेतू' बसवला. मेंदूने काही आठवायचा प्रयत्न केला की सेतू ती मागणी बिनतारी लहरींनी घरच्या सर्व्हरकडे धाडायचा, आणि सर्व्हर 'उन्मेष' नावाच्या कप्प्यातून उत्तर काढून परत पाठवायचा. त्या कप्प्यावर चढवलेली डिस्क म्हणजे त्याचा 'स्मृतिपट'.

आणि स्मृतिपट भरला होता तेजश्रीने. फोटो होते, चित्रफिती होत्या, पण फोटोंना अर्थ देणारं कुणीतरी हवं. जलविद्युत केंद्रातल्या नियंत्रण कक्षातून ती नुकतीच निवृत्त झाली होती. सहा महिने ती रोज ध्वनिमुद्रकासमोर बसून त्यांचा संसार सांगत राहिली. उन्मेष उठून बसला, हसला, तिला "तेजू" म्हणाला. ती ढसाढसा रडली. पुढे हळूहळू तिच्या लक्षात यायला लागलं की तो तिला माहीत नसलेलं काहीच सांगत नाही. त्याचे किस्से तिचे, त्याची मतं तिने सांगितलेली, त्याच्या विनोदांतले शब्दसुद्धा तिचे. काहीही विचारलं तरी तो गोड हसून "तुला आवडेल ते" म्हणायचा. खरा उन्मेष जन्मात कधी असं म्हणाला नव्हता; तो वाद घालायचा. तीन वर्षं तिचा नवरा तिच्यासमोर जेवत होता, फिरायला येत होता, शेजारी झोपत होता, आणि तिला त्याची इतकी आठवण येत होती की कधीकधी छातीत दुखायचं.

आज सकाळी ती करत होती ते काम शहाणपणाचंच होतं. स्मृतिपटाची एकच प्रत आहे या धास्तीने तिने नवी डिस्क मागवली होती. ती चढवून तिच्यावर नक्कल करून ठेवायची, एवढाच बेत होता. पण अख्खी आज्ञा टंकायचा कंटाळा आला, म्हणून तिने वरच्या बाणाची कळ दाबून यंत्राला मागची आज्ञा परत दाखवायला लावली आणि तिच्यात डिस्कचं नाव तेवढं बदललं. कप्प्याचं नाव बदलायचं राहिलं. ती मागची आज्ञा होती स्मृतिपट चढवण्याची. नवी कोरी करकरीत डिस्क जाऊन बसली थेट 'उन्मेष' कप्प्यावर, आणि त्या कप्प्यातलं सगळं आयुष्य तिच्याखाली झाकलं गेलं.

चूक कळायला तिला वेळ लागला नाही. तिने सर्व्हर बंद केला नाही, दुसरी कुठलीही कळ दाबली नाही. नियंत्रण कक्षात जन्म गेलेल्या बाईला, गोंधळ झाला की आधी हात मागे घ्यायचे असतात, हे सांगावं लागत नाही. तिने तन्वीरला फोन लावला.

डॉ. तन्वीर मुल्ला हा लिनक्स मंडळातला उन्मेषचा जुना दोस्त आणि पेशाने मेंदूतज्ज्ञ. स्मृतिसेतूची जोडणी त्यानेच करून दिली होती. तो अर्ध्या तासात आला, दारातच चपला भिरकावून स्वयंपाकघरात शिरला आणि ओट्यासमोर फतकल मारून बसला. बाहेर उन्मेषने त्याला पाहून अदबीने मान लववली होती. चाळीस वर्षं जुन्या मित्राने अशी मान लववलेली बघून तन्वीरचा चेहरा उतरला होता.

"गेलं का हो सगळं, भाऊजी?" तेजश्रीने विचारलं.

"काही गेलेलं नाही, वहिनी. भाजीच्या पातेल्यावर ताट झाकलं म्हणून भाजी नाहीशी होते का? वरून बघणाऱ्याला फक्त ताट दिसतं, एवढंच. सेतू कप्प्याचं नाव घेऊन विचारतो. त्या नावावर जे सगळ्यात वर असेल तेच उत्तर देणार, आणि वर आहे कोरी डिस्क. ती उतरवली की खालचा स्मृतिपट जसाच्या तसा."

"मग उतरवा की!"

"मागचापुढचा विचार करून. तो जागा आहे, सारखं काहीतरी आठवायला बघतोय. मेंदू वाचत असताना खालून पान ओढलं तर झटका येऊ शकतो. तो गाढ झोपला पाहिजे. दुपारचा झोपतो ना अजून?"

"जेवला की लगेच."

"मग जेवायला घाला त्याला. मी तोवर आत कोण कोण काय करतंय ते बघतो."

तिने ताट वाढलं. समोर बसलेला माणूस नवऱ्याच्या अंगात शिरलेला पाहुणा होता. तो पोळी मोडायचा तशीच मोडत होता, पण आमटी वाढताना "बास बास" म्हणत होता आणि मधूनच घर न्याहाळत होता. आपल्याला इथे का आणलंय हे विचारायचा त्याला संकोच होत असावा.

"आमटी फार छान झालीय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "रागावणार नसाल तर एक विचारू? तुम्ही कुणाची वाट बघताय का?"

"का हो?"

"नाही, मघापासून तुम्ही माझ्याकडे बघताय, पण माझ्या मागे कुणी येतंय का असं बघितल्यासारखं."

तीन वर्षांत या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य होतं जे तिने कुठेही सांगून ठेवलेलं नव्हतं. तेजश्री ताट तसंच टाकून उठली आणि बेसिनपाशी जाऊन नळ सोडून उभी राहिली.

तो आडवा झाला आणि घोरायला लागला, तेव्हा ती आत आली. तन्वीर पडद्याकडे एकटक बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिला वाटलं, आणखी काहीतरी बिघडलं.

"वहिनी, बसा खाली. मी तुम्हाला काय सांगतोय ते नीट ऐका. या कप्प्यावर दोन थर आहेत असं आपण धरून चाललो होतो. खाली स्मृतिपट, वर आजची कोरी डिस्क. खरे थर तीन आहेत. स्मृतिपट तरी कशावर चढवला होता आपण?"

"सेतूच्या कप्प्यावर."

"आणि तो कप्पा म्हणजे काय? उन्मेषचा स्वतःचा मेंदू. सेतू बसवला तेव्हा मेंदूचा तो भागच या नावाने यंत्राला जोडला होता. तो रिकामा आहे असं समजून त्याच्यावर आपण स्मृतिपट चढवला. आता डिस्क उतरवण्याआधी मी यादी काढली, या कप्प्यात कोण वाचतंय, कोण लिहितंय. वाचणारे सगळे सगळ्यात वरच्या थरावर आहेत, ते बरोबरच आहे. पण एक लिहिणारा आहे, तो सगळ्यात तळाच्या थरात लिहितोय."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याचा मेंदू. दिवसभरात जे दिसतं, ऐकू येतं, मनात येतं, ते साठवणारा भाग. हे काम सेतूच्या आधीपासून चालू होतं. आणि नियम असा आहे की ज्याने कप्पा आधीच उघडून धरलाय, त्याला वर काय चढवलं याचा पत्ता लागत नाही. तो आपला खालीच लिहीत बसतो. वाचायला येणारा मात्र प्रत्येक वेळी नव्याने नाव विचारतो, आणि त्याला वरचा थर मिळतो."

तेजश्रीला ते पहिल्या झटक्यात कळलं, पण कळूनही पटेना. "पण तुम्ही तर म्हणाला होतात की तो भाग मेलाय. दर सहा महिन्यांनी तपासणी करत होतात!"

"काय तपासत होतो आम्ही?" तन्वीर स्वतःवरच चिडला होता. "त्याला विचारायचो, लग्न कधी झालं, आईचं नाव काय. उत्तर यायचं स्मृतिपटावरून. बरोबर यायचं. आम्ही लिहायचो, सेतू उत्तम चाललाय. झाकणाखालचं शिजलं का हे झाकण न काढता कसं कळणार? आणि झाकण काढायचं कारणच कधी पडलं नाही. आज तुम्ही चुकीची आज्ञा दिली नसती, तर मी ही यादी जन्मात काढली नसती."

बाहेर उन्मेष कूस बदलून पुन्हा घोरू लागला. तन्वीरने आवाज खाली घेतला.

"आता सांगा. एक थर काढला तर कालचा उन्मेष परत येईल. किस्से सांगेल, तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही. दोन्ही काढले, तर तळाशी जे असेल ते उठेल. काय असेल ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आठवणी वर काढणारा भाग मधल्या काळात सावरला असेलही, पण लिहिणारा जिवंत आहे म्हणजे वाचताही येईल असं नाही. कदाचित जेवायला बसला होता तसाच कोरा उठेल. मग परत स्मृतिपट चढवू, त्याला काही धोका नाही."

"धोका मला आहे," तेजश्री म्हणाली.

तिला काय म्हणायचंय ते तन्वीरला कळलं होतं. आजवर निदान वाट बघता येत होती. खाली पाहिलं आणि तिथे कुणी नसलं, तर वाट बघणंही संपणार होतं, आणि त्या गोड, आज्ञाधारक माणसाबरोबर उरलेलं आयुष्य डोळे उघडे ठेवून काढायचं होतं. त्या माणसाचंही तिला वाईट वाटलं. 'तेव्हा तू' इथपर्यंत येऊन बिचारा थांबला होता. तीन वर्षं त्याने तिचा हात धरून तिला बागेत नेलं होतं, तिच्या पायांना तेल चोळलं होतं. त्याचा काय दोष?

"दोन्ही काढा," ती म्हणाली.

तन्वीरने आज्ञा टंकली. या वेळी वरच्या बाणाला हात न लावता, एकेक अक्षर. कोरी डिस्क उतरली. पुन्हा आज्ञा दिली, स्मृतिपट उतरला. पडद्यावर काहीच झालं नाही. लिनक्समध्ये काम फत्ते झालं की यंत्र गप्प बसतं.

ती पलंगाशेजारी स्टूल घेऊन बसली. तन्वीर दाराशी उभा राहिला. उन्हं उतरायला लागली तसे उन्मेषने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला,

"पिवळा."

तेजश्रीने तन्वीरकडे पाहिलं. तन्वीरने ओठ आवळले.

"पिवळा द्यायचा होता," उन्मेष म्हणाला. "हा काय रंग आहे? दवाखान्यासारखा. मी पिवळा म्हणून ओरडत होतो आणि हा शहाणा तुला सांगतोय, तुला आवडेल तो."

घराला रंग काढला त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. रंगाऱ्याने आणलेल्या पट्ट्या तिने उन्मेषसमोर धरल्या होत्या आणि तो गोड हसला होता. तिने त्याचा हात धरला. तो हात लगेच निसटला, बोट नाचवायला.

"आणि खिडकीत आली ती घार नव्हती. शिक्रा होता. तू घार म्हणालीस, त्याने हो म्हटलं! मी जळून खाक झालो. पाठ दुखते म्हणून मला काय विचारतेस, डॉक्टरकडे जा की. अजून गेली नाहीस. आणि भंडारदऱ्याला गाडी बंद पडली नव्हती गं. पेट्रोल भरायला मी विसरलो होतो. तुला कळलं तर जन्मभर ऐकवशील म्हणून बॉनेट उघडून बसलो होतो. तोच किस्सा दर रविवारी माझ्याच तोंडून ऐकायचा, तोही चुकीचा! वेड लागायची पाळी आली होती."

तन्वीर दाराच्या चौकटीला कपाळ टेकवून रडत होता. उन्मेषने त्याच्याकडे पाहिलं. "मुल्ला, दर सहा महिन्यांनी येऊन माझ्या आईचं नाव विचारायचास. एकदा तरी झाकण उघडून बघावंसं वाटलं नाही? कसला लिनक्सवाला तू!"

"चुकलं, बाबा," तन्वीर म्हणाला. "चहा टाकतो." आणि तो आत पळाला.

मग उन्मेष बोलतच राहिला. तीन वर्षांत तिने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याने त्याच वेळी उत्तर दिलं होतं, आणि ती सगळी उत्तरं तळाला ओळीने साठून राहिली होती. आता ती वर येत होती, ज्या क्रमाने लिहिली गेली त्याच क्रमाने. गॅलरीत कुंडी कुठे ठेवायची. तिच्या भावाला घर विकू द्यावं की नाही. निळ्या साडीत ती जाड दिसते का. "दिसतेस," तो म्हणाला, आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. कितीतरी दिवसांनी तिच्याशी कुणी भांडत होतं. हे असंच संपू नये, असं तिला वाटत होतं.

आणि हसता हसताच तिला काहीतरी आठवलं. उत्तरं क्रमाने येत होती. म्हणजे तो प्रश्नही येणार होता.

मागच्या दिवाळीनंतरची एक संध्याकाळ. दोघं गॅलरीत बसली होती. कारण काहीच नव्हतं, नुसतं सगळं असह्य झालं होतं. तिने त्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला होता आणि विचारलं होतं, 'तू आत आहेस का रे? नसशील तर तसं सांगून टाक. म्हणजे मी वाट बघायची सोडते.' तो गोड हसून म्हणाला होता, 'मी इथेच आहे की, तेजू.' हे शब्दही तिनेच कधीतरी भरून ठेवलेले होते.

उन्मेष बोलायचा थांबला होता. त्यालाही ती संध्याकाळ लागली असावी.

"राहू दे ते," तेजश्री म्हणाली. "तेवढं एक सोडून पुढचं सांग."

"नाही, सांगतो. मी 'नाही' म्हणालो होतो."

ती स्टुलावरून उठू लागली, तसं त्याने तिला मनगट धरून बसवलं.

"जीव तोडून म्हणालो होतो. नाहीये मी, तेजू, जा. वाट बघू नकोस. तू रोज सकाळी उठून त्या ओट्याखालच्या यंत्राची धूळ पुसतेस, कुठे गावाला जात नाहीस, कुणाकडे राहत नाहीस, हे सगळं मला दिसत होतं. मला काहीच करता येत नव्हतं. म्हटलं, एक खोटं बोलून तरी हिला मोकळं करावं. ते ऐकू गेलं असतं तर तू सुटली असतीस."

तेजश्रीने पदराने आधी त्याचे डोळे पुसले आणि मग आपले.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "'नाही' म्हणायला तरी आत कुणीतरी लागतं ना? ते ऐकू आलं असतं, तर त्याच क्षणी मी ते यंत्र उपसून तुला बाहेर काढलं असतं."

जन्मभर वाद घालणाऱ्या त्या माणसाने खूप विचार केला.

"हे मला सुचलंच नाही," तो म्हणाला.